भावी नगरसेवक आणि लिनक्स
उरणच्या फ्लेक्सवाल्यापुढे लिनक्सचं नाव काढून बघा. करंज्याच्या कोळ्याला पनीर खा म्हटल्यासारखा तो बघेल. 1997च्या ‘टायटॅनिक’ची संगणकीय दृश्यं डिजिटल डोमेनने बरीचशी लिनक्सवर रेंडर केली, फुकटच्या ब्लेंडर सॉफ्टवेअरवर केलेल्या ‘फ्लो’ला 2025मध्ये ऑस्कर मिळालं, हे सगळं ठीक. पण सिनेमावाल्यांना ‘भावी नगरसेवक’ लावायचे नसतात! इथे मधोमध गॉगल घातलेले भाऊ, वर साहेबांची रांग, खाली शुभेच्छुकांची जत्रा. आणि ज्याचं डोकं बारीक आलं त्याचा फोन रात्री अकराला. फाइल कोरलड्रॉची, फॉन्ट युनिकोडच्या आधीचा. लिनक्सवरच्या इंकस्केपमध्ये उघडलीच, तर शुभेच्छांच्या जागी रोमन अक्षरं आणि उद्गारचिन्हं.

गंमत म्हणजे खुद्द कोरलनेच 2000 साली लिनक्ससाठी कोरलड्रॉ 9 काढलं होतं. फार टिकलं नाही. तेव्हा फुकट आणि कायदेशीर लिनक्सपेक्षा फुकट आणि बेकायदेशीर विंडोज बरं, असा धंद्याचा हिशेब. पडद्याच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी पुसट ओळ असतेच. चुकून बॅनरवर छापली गेली, तरी लोक तिला शुभेच्छुकांतच धरतील.