करिअरकाका

दहावीचा शेवटचा पेपर देऊन पोरगं घरी येतं, दप्तर कॉटवर भिरकावतं, तोच दारात करिअरकाका हजर! अशी असामी प्रत्येक सोसायटीत एक तरी असतेच. बँकेतून निवृत्त, खिशाला दोन पेनं, बगलेत लांबडी वही. वहीत डावीकडं मुलांची नावं, उजवीकडं कुणाला कुठं चिकटवायचं ते. 'कट्ट्यावर बसून करिअर कळत नसतं, बाळा. इंटर्नशिप कर!'

बोर्डानं २०१६ साली दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली, तेव्हा काकांनी नाक मुरडलं. 'प्रश्नांपुढं खुणा करून कल कळतो होय?' पुढं २०२०च्या शैक्षणिक धोरणात आलं, की सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभारांच्या हाताखाली शिकावं. हे आपल्याच वहीतून उतरवून घेतलंय, अशी काकांची पक्की समजूत आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमाचं नाव निघालं की मात्र ते सावरून बसतात. 'डॉ. कलबागांनी १९८३ साली आश्रम काढला. खेड्यातली पोरं तिथं वेल्डिंग शिकली. आणि तुम्ही पोराला साधा बल्ब बदलू देत नाही!' असं प्रत्येक आईला ऐकवून होतं.

काकांच्या उत्साहाचा खरा मार बसतो तो सोसायटीतल्या कमावत्या मंडळींना. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांकडं एप्रिलात पेशंटनं 'आ' केला, की दिव्याखाली चार डोकी वाकतात. त्यातलं एक विचारतं, 'डॉक्टर, किडलेला हाच का? की पलीकडचे दोन्ही?' वकीलसाहेबांनी तर धसकाच घेतलाय. काकांच्या चपला जिन्यात वाजल्या की ते स्वतःच आतून ओरडतात, 'साहेब कोर्टात गेलेत!'

आठवडा सरला की काकांच्या गॅलरीत तोंडी परीक्षा.

'सीएंकडं काय शिकलास?'

'चहा-समोसे स्टाफ वेल्फेअरच्या खात्यात टाकायचे.'

'शाब्बास! पुढं?'

आर्किटेक्टकडं गेलेली मुलगी सांगते, 'काका, घराच्या नकाशापेक्षा महापालिकेचे खेटेच जास्त.' तिला दोनदा शाब्बास.

यंदा जनावरांच्या डॉक्टरांकडं धाडलेला मुलगा दुसऱ्याच दिवशी परतला. लहानपणापासून कुत्र्यामांजरांत लोळणारा. पण बोक्याला टोचायची सुई पाहिली आणि आडवाच झाला. बोका टक्क जागा, हा बेशुद्ध! आईचं तोंड एवढंसं झालं. काकांनी मात्र त्याच्या नावापुढं झोकात बरोबरची खूण केली.

'वहिनी, पेढे वाटा! दोन दिवसांत सुटला पोरगा. हे काम आपलं नव्हे, एवढं कळायला मला बँकेत तेहतीस वर्षं लागली. तेही पेन्शनचा कागद हातात पडल्यावर!'

आणि वहिनींना बोलायला सवड न देता वहीचं पान उलटलं. 'दंतवैद्यांकडं एक जागा आहे. सुई असते तिथंही, पण जरा बारीक.'