खुनी राहू दे, हा कोण?

आमच्या सासूबाईंचा खुनाच्या मालिका बघण्याचा एक नियम आहे. जो माणूस आज पहिल्यांदाच दिसतोय आणि ज्याच्या तोंडावर कॅमेरा उगाच रेंगाळतोय, तो खुनी. हा नियम त्यांनी सोनीवरच्या ‘सीआयडी’त घासूनपुसून तयार केला. १९९८ पासून २०१८ पर्यंत शिवाजी साटम यांचा प्रद्युम्न आणि त्याचा दया, दोघंही आपापल्या जागी ठाम. तेव्हा नवा चेहरा म्हणजे एक तर मेलेला, नाही तर मारणारा. तिसरी शक्यताच नाही.

हाच नियम घेऊन त्या अमेरिकन मालिकांकडे वळल्या. पडद्यावर खाली पळणारी इंग्रजी अक्षरं त्यांना झेपत नाहीत, म्हणून त्या माणसं वाचतात, आणि खरं सांगायचं तर माझ्याआधी खुनी पकडतात. पण होरेशिओ केन आला आणि पंचाईत झाली.

‘सीएसआय’ ही लास व्हेगसची मालिका. २००२ च्या मे महिन्यातल्या तिच्या एका भागात व्हेगसच्या एका माजी पोलीस अधिकाऱ्याचा खून होतो, बायको आणि लहान मुलगी बेपत्ता. माग काढत मालिकेतले तपासनीस कॅथरीन आणि वॉरिक थेट मायामीत पोचतात. तिथे हा तांबूस केसांचा गृहस्थ. मान तिरकी, आवाज हळू, आणि प्रत्येक वाक्य जणू कोर्टात वाचून दाखवायचंय अशा बेताने बोलणारा. आम्ही हा भाग पाहिला तो पुष्कळ उशिरा, पुनःप्रक्षेपणात. पाचव्या मिनिटाला आईंनी निकाल दिला.

“हाच.”

“आई, तो पोलीस आहे.”

“मग काय झालं? घरचा भेदी. सरळ उभं राहून बोलत नाही माणूस.”

शेवटी बेड्या भलत्यालाच पडल्या तेव्हा त्या चिडल्या. “मग याला एवढा वेळ का दाखवला?”

प्रश्न शंभर टक्के रास्त होता. उत्तर मात्र कथेत नव्हतं, वाहिनीच्या हिशेबाच्या वहीत होतं. अमेरिकेत नव्या मालिकेचा आधी एक नमुना भाग काढतात. वाहिनीचे साहेब तो बघतात, आणि नापसंत पडला की पैसे बुडाले, भाग कपाटात. त्यावर कुणा हुशार माणसाने तोडगा काढला की चालू मालिकेचाच एखादा भाग नव्या मंडळींच्या हवाली करायचा. पुढे मालिका निघो न निघो, भाग दाखवला जातोच, जाहिराती लागतातच, आणि लोकांना माणसं रुचतात का तेही कळतं. धंद्यात याला ‘बॅकडोअर पायलट’ म्हणतात. मे महिन्यात न्यूयॉर्कला बड्या वाहिन्या जाहिरातदारांपुढे पुढच्या हंगामाची यादी मांडतात, म्हणून असले पाहुणे बहुतेक वसंतात उगवतात. म्हणजे होरेशिओ संशयित नव्हता, उमेदवार होता. त्याची ‘सीएसआय : मायामी’ त्याच सप्टेंबरात सुरू झाली आणि दहा हंगाम चालली.

हे एकदा कळलं की असा भाग म्हणजे चक्क कांदेपोह्यांचा कार्यक्रम वाटायला लागतो. जाहिराती वगळून मिनिटं चाळीस-बेचाळीस, आणि तेवढ्यात सगळे गुण मांडायचे. ‘क्रिमिनल माइंड्स’ने २०१० च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत असाच एक संच दाखवला. पुढारी फॉरेस्ट व्हिटेकर, घरात ऑस्कर असलेला नट. हाताखाली एक तुरुंगवास भोगून आलेला आणि एक ब्रिटिश लष्करातला नेमबाज. सगळे एकमेकांशी असे बोलतात की आपली ओळख जुनी आहे हे आपल्याला कळावं, आणि प्रत्येकाला एक दुःख वाटून दिलेलं. दुःख हे या कार्यक्रमात भरतकामाच्या रुमालासारखं आहे. कुणी विचारो न विचारो, बाहेर काढून दाखवायचंच. ‘सीएसआय’च्या न्यूयॉर्कच्या संचाची पाहणी २००४ मध्ये झाली, तीही होरेशिओच्याच मायामीच्या मालिकेत. त्यातल्या मॅक टेलरची बायको ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात गेलेली. आई हळहळल्या आणि तेवढ्यावर त्याला पास करून टाकलं. पुरावे त्याने कसे गोळा केले, याची चौकशीसुद्धा केली नाही.

या सगळ्यात सर्वांत वाईट हाल होतात ते प्रेताचे. एरवी त्याच्या नखातल्या मातीवर दहा मिनिटं खर्च होतात, आज त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नाही. दुसरे हाल यजमानांचे. पाच-सहा वर्षं ज्यांनी एका केसावरून खुनी शोधले, त्यांना आज समोरचं दार दिसत नाही. “याचा अर्थ काय असेल?” असं ते विचारतात, म्हणजे पाहुण्यांना अर्थ सांगता यावा.

यजमानांच्या मानहानीचा उच्चांक ‘जॅग’मध्ये झाला. नौदलाच्या वकिलांची ही मालिका. २००३ च्या एप्रिलमध्ये तिच्या दोन भागांत गिब्ज नावाचा तपास अधिकारी आला आणि त्याने खुद्द मालिकेच्या नायकालाच खुनाच्या संशयावरून आत टाकलं. आठ हंगाम घर चालवणारा कर्ता पुरुष कोठडीत, आणि घरात फिरतायत पाहुणे! ‘जॅग’ २००५ मध्ये संपली. पाहुण्यांची ‘एनसीआयएस’ वीस हंगाम ओलांडून पुढे गेली.

नकार आलेल्यांची यादी कुणी ठेवत नाही, ठेवायला हवी. व्हिटेकरच्या संचाचं लग्न जमलं खरं, पण तेरा भागांत मोडलं. ‘एनसीआयएस : लॉस एंजेलिस’ने २०१३ मध्ये फिरत्या तपास पथकाचा एक संच दोन भागांत मिरवला, त्याला तर नारळही मिळाला नाही.

माझा जीव अडकला तो मात्र लारा मेसीत. २००९ मध्ये ‘एनसीआयएस’ने लॉस एंजेलिसची मंडळी दाखवली तेव्हा त्यांची साहेब ही बाई होती. करारी, गिब्जच्या नजरेला नजर देणारी. मालिका मंजूर झाली, सप्टेंबरात सुरूही झाली, आणि हिच्या खुर्चीत लिंडा हंटची चिमुकली, चलाख हेट्टी. मेसीचा पत्ता नाही. मग २०१० च्या मे महिन्यात ती सापडली, जुन्याच मालिकेत. खून झालेली. तपासाला गिब्ज.

मी ही हकिगत आईंना नीट सांगितली. त्यांनी भाजी निवडायची थांबवली.

“म्हणजे नोकरी गेली ती गेलीच, वर जीवही घेतला मेल्यांनी?”