मोज्यांच्या पलीकडे, डाव्या हाताला

महाग सायकल विकणारा दुकानदार पूर्वी आधी गिऱ्हाइकाची परीक्षा घ्यायचा. बंगळुरात अशी थोडी दुकानं अजून आहेत. आत पाऊल टाकलं की मालक आपल्या चेहऱ्याकडे न बघता पोटऱ्यांकडे बघतो. ‘कुठं चालवता?’ या प्रश्नाला ‘घराजवळच’ हे उत्तर चालत नाही. नंदी हिल्स म्हणावं लागतं. म्हटलं, तर घाट किती मिनिटांत चढता हा पुढचा प्रश्न येतो. सायकल भिंतीवर टांगलेली असते, किमतीची चिठ्ठी दिसत नाही, आणि विचारलीच तर आपल्याला परवडणार नाही हे विचारण्यातूनच सिद्ध झालेलं असतं.

साखळी दुकानांनी हा सगळा सोवळ्याचा कारभार मोडीत काढला. डेकॅथलॉन या फ्रेंच कंपनीनं भारतातलं पहिलं दुकान 2009 मध्ये बंगळुरातच थाटलं, सर्जापूर रोडला. पूर्ण परकीय मालकीच्या कंपनीला तेव्हा किरकोळ विक्रीची मुभा नव्हती, म्हणून कागदावर ते घाऊक दुकान होतं. किरकोळ विक्रीची परवानगी 2013 मध्ये मिळाली. आता तिथं शिरावं, पोहण्याचे चष्मे ओलांडावेत, मोज्यांच्या पलीकडे डाव्या हाताला वळावं, की रेसिंगची सायकल उभी. किंमत चिकटवलेली. शेजारी एखादं पोरगं स्कूटरवरून सुसाट येतं आणि तिच्या पुढच्या चाकाला धडकून निघून जातं. कुणी ओरडत नाही. आपणही सीटवर बसून दोन रॅकांमधल्या गल्लीत एक फेरी मारावी, उतरावं आणि एक टोपी घेऊन घरी यावं. कुणी काही विचारत नाही. दुर्लक्ष ही ग्राहकाची केवढी मोठी सोय आहे, हे आमच्या बाजूच्या दुकानदारांना अजून पटलेलं नाही.

माझा एक मित्र मूळचा पुण्याच्या सदाशिव पेठेतला, सध्या मुक्काम व्हाइटफील्ड. त्याला हे साफ नामंजूर आहे. ‘पैठणी काय डी-मार्टातून घ्यायची?’ असं तो विचारतो. मी त्याला इंग्लंडचा दाखला दिला. ख्रिस बोर्डमन 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता. 2007 पासून त्याच्या नावाच्या सायकली हाल्फर्ड्समध्ये मिळू लागल्या. हाल्फर्ड्स म्हणजे गाडीचे वायपर आणि बॅटऱ्या विकणारी साखळी. 2014 मध्ये तिनं तो ब्रँडच विकत घेतला. मित्र म्हणाला, इंग्रजांचं सोड. मग मी 2024 ची स्पेनची व्हुएल्टा ही सायकल शर्यत काढली. बेन ओकॉनर दोन आठवड्यांच्या आसपास लाल जर्सी घालून सगळ्यांच्या पुढे होता, आणि त्याच्या बुडाखाली व्हॅन रायसेल होती. म्हणजे तंबू आणि मोजे विकणाऱ्या त्याच डेकॅथलॉनची सायकल. मित्रानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, ‘पण शेवटी दुसराच आला ना?’

पेठ सुटली तरी पेठेचं पाणी सुटत नाही.

खरं तर ही सरमिसळ आपल्याकडे आणखी मजेदार आहे. वडिलांच्या पिढीची हर्क्युलस आणि बीएसए बनवणारी चेन्नईच्या मुरुगप्पा समूहाची टीआय सायकल्स. तिनंच ‘ट्रॅक अँड ट्रेल’ नावाची दुकानं काढून तिथं अमेरिकेची कॅननडेल आणि 1885 पासूनची मिलानची बियांकी मांडली. फायरफॉक्सनं 2005 च्या सुमाराला गियरच्या सायकलींची हौस शहरांत रुजवली, आणि 2015 मध्ये तिला लुधियानाच्या हीरोनं घेतलं. दूधवाल्याची सायकल आणि कार्बनची सायकल अशा एकाच घराण्यात नांदतात.

नांदतात, पण एकमेकींचं तोंड बघवत नसणार. दूधवाल्याच्या सायकलीला स्टँड असतो, कॅरिअर असतो, मडगार्ड, चेनकव्हर, घंटी, सगळं असतं, आणि वजन वीसेक किलो. पैसे वाढवत गेलात की एकेक वस्तू गळत जाते. लाखाच्या पुढे गेलात की बऱ्याचदा पॅडलसुद्धा मिळत नाही. ते वेगळं घ्यायचं. शर्यतीच्या सायकलीचं वजन 6.8 किलोच्या खाली जाऊ नये असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियमच आहे, नाहीतर या लोकांनी सायकलही काढून टाकली असती. डबलसीटचा तर प्रश्नच नाही. ज्या गावात अर्धी प्रेमप्रकरणं कॅरिअरवर घडली, तिथून आलेल्या माणसाला हे बिनकॅरिअरचं वैभव जरा पोरकं वाटतं. आणि स्टँड नाही म्हणून ती भिंतीला टेकवायची, भिंत घरातच, म्हणून लिफ्टनं वर न्यायची. बंगळुरातल्या कित्येक दोन बेडरूमच्या फ्लॅटांत पाहुणा सोफ्यावर झोपतो आणि सायकल आतल्या खोलीत.

पंक्चर मात्र बाहेरच होतं. साखळी दुकानात सायकल दुरुस्त होते, पण दुकान रिंग रोडच्या पलीकडे आणि आपण येलहंकाच्या पुढे, सकाळी सहाला, चाक बसलेलं. टपरीवरचे अण्णा नळीकडे बघतात आणि म्हणतात, ‘आगल्ल सार.’ जमणार नाही. कारण महाग चाकाचा व्हॉल्व्ह बोरूसारखा बारीक, त्याला प्रेस्टा म्हणतात. टपरीच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हचं. दोघांची भेट घडवून आणणारी एक पितळी टोपी मिळते, बोटाच्या पेराएवढी, लाखाच्या खर्चापुढे फुकटच म्हणायची.

माझ्या मित्रानं ती टोपी डेकॅथलॉनमधूनच आणली. ‘सुटे भाग चालतात,’ असं त्याचं म्हणणं. दोन आणल्या, एक स्वतःला, एक अण्णांना भेट. अण्णा आता दर रविवारी नंदीहून परतणाऱ्या बारीक व्हॉल्व्हवाल्यांकडून हवेचे दहा रुपये जास्त घेतात. मित्राकडूनही.