दहा ते पाच, सोमवार बंद

माझी तक्रार सोमवारबद्दल आहे. मुंबई-पुण्याहून इंदूरला फिरायला जाणारा नोकरदार माणूस शनिवार-रविवारला जोडून आलेली सुट्टी गाठतो, आणि ती बऱ्याचदा सोमवारीच येते. शुक्रवारी संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेस धरायची, शनिवारी सकाळी इंदूरला उतरायचं, सोमवारी परतीची गाडी. कागदावर तीन दिवस दिसतात. पण लालबाग पॅलेसला सोमवारी सुट्टी, केंद्रीय संग्रहालयाला सोमवारी सुट्टी, आणि शनिवारची सकाळ स्टेशन, रिक्षा आणि हॉटेलच्या बारा वाजताच्या चेक-इनमध्ये जाते. संग्रहालयं पाहायला निघालेल्या माणसाच्या हाती दीड दिवस उरतो.

दीड दिवसात इंदूर उरकत नाही, आणि मराठी माणसाने ते उरकूही नये. इथे आपल्या इतिहासाचं एक आख्खं प्रकरण विटा, दगड आणि लाकडात उभं आहे. होळकरांच्या राजवाड्याच्या सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. 1801 साली शिंद्यांच्या फौजेने शहर लुटलं तेव्हा हा वाडा जळाला, पुन्हा बांधला गेला, 1984 च्या दंगलीत पुन्हा आगीत सापडला आणि पुन्हा उभा केला गेला. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चालला. इंदूर ही होळकरांची राजधानी झाली ती 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर. लालबाग 1886 ते 1921 असा पस्तीस वर्षं बांधला जात होता. त्याची फाटकं लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकांच्या धर्तीवर घडवलेली आहेत, आणि मुदपाकखाना नदीपलीकडे ठेवून तिथून ताटं भुयारी वाटेने वाड्यात आणायची सोय केलेली होती. आग्रा रोडवरच्या केंद्रीय संग्रहालयात हिंगलाजगडाहून आणलेली परमारकालीन शिल्पं आहेत. मध्ययुगीन माळव्यातल्या पाथरवटाचा हात कसा चालत होता हे कळायला त्या मूर्तींसमोर नुसतं उभं राहणं पुरतं, मात्र उभं राहायला वेळ हवा.

वेळेचं गणित असं आहे. या जागा एकमेकींपासून रिक्षाने फार दूर नाहीत, आणि त्या दिवसाच्या त्याच तासांत, साधारण दहा ते पाच, उघड्या असतात. सकाळी आठला कुठेच शिरता येत नाही आणि संध्याकाळी सहालाही नाही. म्हणजे तीन वास्तू एकापाठोपाठ पाहायच्या तर सात तासांत तीन तिकीट खिडक्या, तीन सामान-तपासण्या, दोन रिक्षा आणि एक जेवण बसवायचं. बरोबर सत्तरी ओलांडलेली आई असेल तर राजवाड्याच्या जिन्यांवर दर मजल्याला थांबावं लागतं. ते थांबणं कोणी हिशेबात धरलेलं नसतं. मूल असेल तर ते दुपारी दोनला झोपेला येतं, आणि लालबागच्या दरबार हॉलमध्ये झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन छत पाहणं जमत नाही. मी पाहिलं आहे.

त्यात हे शहर सकाळपेक्षा रात्री जास्त जागं असतं. सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, मालपुवा आणि जलेबा मांडले जातात आणि गर्दी मध्यरात्रीनंतरही हलत नाही. कुटुंबं, म्हातारी माणसं, शाळकरी मुलं, सगळी तिथे असतात. राजवाडा तिथून चालत काही मिनिटांवर आहे, आणि त्या वेळी त्याच्या दाराला कुलूप असतं. ज्या शहरात रात्री दहाला रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, तिथे एकही ऐतिहासिक दालन संध्याकाळी उघडं असू नये हे मला पटत नाही. रात्रीची वीज, रात्रीचे पहारेकरी, रात्रीची सुरक्षा, ही कारणं खरी आहेत. ती रोज न उघडण्याची कारणं आहेत. आठवड्यातला एक शनिवारही न उघडण्याची नाहीत.

मग येतं उज्जैन. इंदूरला गेलेल्या घरातलं कोणीतरी महाकालाची भस्मआरती मागतंच, आणि ते योग्यच आहे. देवळाला मी संग्रहालय म्हणत नाही, पण आमच्या सहलीत ठरलेल्या वेळेची सगळ्यात कडक अट हीच होती. आरती पहाटे चारच्या सुमाराला. ऑनलाइन नोंदणी, ओळखपत्र, पुरुषांना धोतर, बायकांना साडी. उज्जैन सुमारे पंचावन्न किलोमीटर, म्हणजे इंदूरहून मध्यरात्रीनंतर लगेच निघायला हवं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि आरतीची नोंदणी आपल्या वेगळ्या वेळापत्रकाने चालते. गाडीचं तिकीट आधी पक्कं होतं, आरती मिळेल की नाही हे नंतर कळतं, आणि मिळाली तरी ती कोणत्या पहाटेची हे आपल्या हातात राहत नाही. आमच्या वाट्याला रविवारची पहाट आली. एकुलत्या एका पूर्ण दिवसाची सुरुवात रात्री एकला झाली, आणि सकाळी परतून दहाच्या दारात उभे राहिलो तेव्हा आईला बसायला बाक हवा होता.

त्या दुपारी एका सरकारी वास्तूच्या फाटकावर पोचलो तेव्हा साडेचारही वाजले नव्हते. फलकावर पाचपर्यंतची वेळ लिहिलेली होती. फोनमधला नकाशा 'आत्ता उघडं आहे' असं सांगत होता. खिडकीतल्या माणसाने शांतपणे सांगितलं, "टिकट बंद हो गया साहब, कल आना." उद्या सोमवार आहे, असं मी म्हणालो. तो म्हणाला, "तो मंगल को आना." त्याच्यावर माझा राग नाही. त्याला दिलेल्या सूचना तो पाळत होता. माझा राग त्या फलकावर आहे, ज्याने बंद होण्याची वेळ लिहिली आणि शेवटचं तिकीट कधी मिळतं ते लिहिलं नाही. प्रवाशाला या दोन वेळांपैकी दुसरीच उपयोगाची असते. याच सहलीत दुसऱ्या एका ठिकाणी पूर्ण तिकीट घेतल्यावर आत कळलं की वरची दालनं दुरुस्तीसाठी बंद आहेत. जुन्या वास्तूला दुरुस्ती हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे तिकीट देताना सांगता आलं असतं, आणि त्या तासात आम्ही दुसरीकडे गेलो असतो.

कोणी म्हणेल, हल्ली जगभर सगळीकडेच अशी बंधनं आहेत. आहेत, आणि त्यांना माझा विरोध नाही. मिलानमध्ये लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' पाहायला पंधरा मिनिटं मिळतात. रोमच्या बोर्गेझे दालनात आगाऊ आरक्षण आणि दोन तास. ॲम्स्टरडॅममधल्या ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी सुटतात. आपल्याकडेही ताजमहालाचं तिकीट 2018 पासून तीन तासांपुरतं आहे. ही बंधनं कडक आहेत, पण ती आधी सांगितलेली असतात. पंधरा मिनिटं म्हटली की पंधरा मिनिटं मिळतात, आणि त्या पंधरा मिनिटांत भिंत झाकलेली नसते. वेळ ठरवून देणं हा दोघांमधला करार आहे. पाहुण्याने वेळेवर यायचं, आणि यजमानाने त्या वेळी दार उघडं ठेवायचं.

साप्ताहिक सुट्टीचंही तसंच. पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद असतं आणि ओर्से सोमवारी, म्हणून थोड्या दिवसांसाठी आलेल्या माणसाला रोज काहीतरी उघडं सापडतं. मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं आणि राष्ट्रीय आधुनिक कला दालन सोमवारी. कर्मचाऱ्यांना सुट्टी हवी, साफसफाईला दिवस हवा, हे शंभर टक्के मान्य. पण एकाच शहरातल्या, एकाच घराण्याशी जोडलेल्या वास्तूंनी एकाच दिवशी कुलूप लावायची गरज मला कुठेच सापडली नाही. एकाने सोमवार घ्यावा, दुसऱ्याने मंगळवार. याला एका बैठकीपेक्षा जास्त काही लागत नाही.

आणि एक वास्तू अशी आहे की तिथे कोणत्याच वाराला प्रवेशाची वेळ नाही. यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियसकडून बांधून घेतलेला माणिकबाग. तो काळाच्या इतका पुढे होता की त्याच्या सामानासाठी आयलीन ग्रे, ल कोर्ब्युझिए, रुलमान ही नावं एकत्र आली. कोन्स्तान्तिन ब्रांकुशीची 'अवकाशातले पक्षी' ही शिल्पं महाराजांनी घेतली. त्या पक्ष्यांसाठी इंदुरात बांधायचं ध्यानमंदिर मात्र झालं नाही. 1980 मध्ये माणिकबागचं सामान मोनॅकोतल्या लिलावात गेलं. ब्रांकुशीचे दोन संगमरवरी पक्षी आज कॅनबेरात आहेत आणि एक ब्राँझचा कॅलिफोर्नियात. 2019 मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने या महाराजांवर मोठं प्रदर्शन भरवलं. इंदूरच्या माणिकबागमध्ये मात्र केंद्रीय कर खात्याचं कार्यालय आहे. कार्यालय तिथून हलवा असं मी म्हणत नाही. महिन्यातला एक रविवार, मोजकी माणसं, ठरलेली वेळ, ओळखपत्र आणि सोबत एक माहीतगार, एवढं द्या. यासाठी साठ दिवस आधी नोंदणी करायलाही लोक तयार होतील. वेळ ठरवून प्रवेश देण्याची पद्धत खऱ्या अर्थाने कुठे हवी असेल तर ती इथे हवी.

म्हणून माझ्या मागण्या मी स्पष्ट मांडतो. शेवटच्या तिकिटाची वेळ फाटकावर, वेबसाइटवर आणि नकाशात, बंद होण्याच्या वेळेपेक्षा मोठ्या अक्षरात लिहावी. बंद दालनांची यादी तिकीट खिडकीवर लावावी आणि ती रोज सकाळी बदलावी. साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या वारांना असाव्यात. जोडसुट्टीच्या सोमवारी वास्तू उघडी ठेवून तिची सुट्टी पुढच्या दिवशी घ्यावी. शनिवारी एक तरी वास्तू रात्री नऊपर्यंत उघडी असावी. प्रत्येक मजल्यावर टेकायला बाक असावा आणि प्रवेशापाशी सामान ठेवायला जागा, कारण चेक-आउट झालेला माणूस बॅग घेऊनच येतो. राजवाडा, लालबाग आणि संग्रहालय यांचं मिळून दोन दिवस चालणारं एक तिकीट द्यावं, म्हणजे थकलेली आई आज अर्धं पाहील आणि उद्या उरलेलं.

यातलं काहीही खर्चिक नाही आणि काहीही नवीन नाही. इंदुराने कचऱ्याच्या गाडीची वेळ घराघराला ठरवून दिली, ती पाळली, आणि 2017 पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळवला. रोज सकाळी गाडी येते हे लोकांना माहीत होतं, म्हणून लोकांनीही ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवला. वेळ दोन्ही बाजूंनी पाळली की काय होतं हे या शहराला कोणी शिकवायची गरज नाही. तोच नियम संग्रहालयांच्या दारांना लावावा, एवढंच मागणं आहे.