नावातला ‘कर’

चिपळूण सोडून कोणी पुण्यात येतो, त्याची मुलं मुंबईला जातात, नातवंडं न्यू जर्सीला. चिपळूणची एसटी कुठून सुटते हेही नातवंडांना ठाऊक नसतं, पण पासपोर्टवर चिपळूणकरच. गाव सुटतं, ‘कर’ सुटत नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हिशोब उलटा आहे. तिथे संघ गाव सोडतो तेव्हा कप नेतो, विक्रम नेतो, टोपीवरचं अक्षर नेतो. ‘कर’ तेवढा गावात टाकून जातो. मग तो उचलून कपाळाला लावणारे वेडे मागे उरतात.

असा एक बिनआडनावाचा संघ सध्या मैदानात आहे. नाव अ‍ॅथलेटिक्स. 1968 ते 2024, सत्तावन्न हंगाम ओकलंडकर. 2028 साली लास वेगासकर व्हायचा बेत. मधली तीन वर्षं मुक्काम वेस्ट सॅक्रामेंटोत, पण तिथलं नाव लावायचं नाही, हे संघानेच ठरवलं. अधिकृत नाव नुसतं ‘अ‍ॅथलेटिक्स’. लॉजवर उतरलेला माणूस दारावर पाटी लावत नाही, हे मान्य. लॉजवाल्याने मात्र हार घेऊन स्वागत केलं!

हा लॉजवाला आपल्या ओळखीचा निघाला. ज्या छोटेखानी मैदानावर हा संघ सध्या खेळतो, ते मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाकडे आहे. कॉलर ताठ करण्याआधी पुढचं ऐका. 2013 साली सॅक्रामेंटोचा बास्केटबॉल संघ ‘किंग्ज’ सिअ‍ॅटलला निघाला होता. रणदिवे आणि जोडीदारांनी तो विकत घेतला, गावातच ठेवला, आणि गावाने त्यांना डोक्यावर घेतलं. संघ जाणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? 2024 मध्ये शेजारच्या गावचा पळून आलेला पोरगा दारात उभा राहिला, तेव्हा त्यांनी कडी काढली. बरं, ज्यासाठी सगळं गाव रडलं ते किंग्ज तरी मूळचे कुठले? रोचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी अशी घरं बदलत 1985 साली सॅक्रामेंटोत आलेले. आणखी एक गंमत. हे मैदान ज्या ‘रिव्हर कॅट्स’चं, तो सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा दुय्यम संघ आहे. म्हणजे अ‍ॅथलेटिक्सने जन्मभर खाडीपलीकडच्या ज्या जायंट्सशी उभा दावा मांडला, त्यांच्याच धाकट्या पातीच्या ओसरीवर पथारी टाकली.

ओकलंडने संघ सहज जाऊ दिला, असं समजू नका. मालक जॉन फिशर. त्यांच्या आईवडिलांनी ‘गॅप’ ही कपड्यांची कंपनी काढली. म्हणून की काय, गावाने त्यांना उत्तरही टी-शर्टवरूनच दिलं. 13 जून 2023 च्या रात्री 27,759 माणसं मैदानात आली, आणि हिरव्या टी-शर्टांवर एकच इंग्रजी शब्द होता : ‘सेल’. आपल्याकडे तो शब्द वाचून लोक दुकानात शिरतात. इथे अर्थ होता, विका आणि निघा. त्या वर्षी संघ 162 पैकी 112 सामने हरला. खेळाडूंवरचा खर्च लीगमध्ये सर्वांत कमी. पाहुण्या समालोचकांच्या खोलीत ओपॉसम नावाचा जंगली प्राणी बिऱ्हाड करून होता. स्टेडियमवर टिकून राहण्याची इच्छा असलेला तो एकटाच असावा. अशा संघाने त्या रात्री तेव्हाच्या सर्वांत तगड्या टॅम्पा बे संघाला 2-1 ने हरवलं.

दोन दिवसांनी लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड बोलले. एका रात्रीपुरती का होईना, जवळपास लीगच्या सरासरीएवढी गर्दी जमली हे छान झालं, असा त्यांचा सूर होता. अंत्ययात्रेला आलेली माणसं मोजून ‘उपस्थिती समाधानकारक’ लिहिणारा कारकून असाच असतो. त्याच दिवशी तिकडे नेव्हाडाच्या गव्हर्नरांनी नव्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलरपर्यंतच्या सार्वजनिक पैशावर सही केली. म्हणजे नावातला ‘कर’ सोडला, लोकांचा कर सोडला नाही.

एवढ्यात कोणी तरी विचारेल, कायदा काही म्हणत नाही का? म्हणतो ना. 1922 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवून टाकलं की बेसबॉल हा राज्या-राज्यांत चालणारा व्यापार नव्हे. म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. तेव्हापासून या एका संघाने पेनसिल्व्हेनिया, मिसुरी, कॅलिफोर्निया अशी तीन राज्यं केली. चौथं राज्य त्याच्यासाठी गालिचा अंथरून बसलं आहे. व्यापार मात्र अजिबात नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आणि विंचवाला न्यायालयाचा परवाना!

या विंचवाचं बोधचिन्ह हत्ती आहे. 1902 साली, संघ फिलाडेल्फियात होता तेव्हा, न्यूयॉर्कच्या जॉन मॅक्ग्रॉने टोमणा मारला की फिलाडेल्फियाच्या मालकांनी पांढरा हत्ती पोसायला घेतला आहे. व्यवस्थापक कॉनी मॅकने तोच हत्ती बोधचिन्ह म्हणून मिरवला, आणि एकूण पन्नास हंगाम एकाच संघाची धुरा वाहिली. पाच विश्वविजेतेपदं फिलाडेल्फियात आली. 1954 नंतर हत्ती कॅन्सस सिटीला गेला. तिथे चार्ली फिन्ली मालक झाला, त्याने काही काळ हत्ती काढून खेचर आणलं. 1968 च्या हंगामासाठी तो संघ घेऊन ओकलंडला निघाला, तेव्हा मिसुरीचे सिनेटर स्टुअर्ट सायमिंग्टन म्हणाले की हिरोशिमानंतरचं सर्वांत भाग्यवान शहर ओकलंड. रागाने काढलेले उद्गार सभ्य नसतात. पण पत्ता बरोबर होता. भविष्य पोचायला छप्पन्न वर्षं लागली, एवढंच.

आता ओकलंडकरांना एक खोचक प्रश्न विचारायलाच हवा. 1968 ला हा संघ तुमच्याकडे आला, तेव्हा कॅन्सस सिटीतल्या पोरांचे डोळे पुसायला कोण गेलं होतं? तिथे पुढच्याच वर्षी नवा ‘रॉयल्स’ संघ मिळाला, म्हणून प्रकरण मिटलं. फिलाडेल्फियात मिटलं नाही. तिथलं जुनं मैदान 1976 ला पाडलं, जागेवर चर्च उभं राहिलं. संघ जाऊन चाळीसेक वर्षं उलटल्यावर म्हाताऱ्या चाहत्यांनी जवळच्या हॅटबरो गावात त्याचं संग्रहालय मांडलं. आयुष्यभर अ‍ॅथलेटिक्सना लाडाने ‘आमचे ए’ज’ म्हणणारी ही माणसं. त्यांचे ते ए’ज तोवर अडीच हजार मैलांवर दुसऱ्याचे झाले होते.

मग या वेडेपणाला म्हणायचं काय? 26 सप्टेंबर 2024. ओकलंडमधला शेवटचा सामना, 46,889 प्रेक्षक, टेक्ससवर 3-2 असा विजय. सामना संपल्यावर माणसं खुर्च्यांवरून हलेनात. काहींनी मैदानातली माती डब्यांत भरून घरी नेली. ज्याच्या नावाने ते मैदान ओळखलं जाई, तो ओकलंडमध्ये वाढलेला रिकी हेंडरसन, 1,406 बेस चोरणारा, तीन महिन्यांच्या आत गेला. चोरी करूनही गावाचा लाडका राहिलेला बेसबॉलमधला तो बहुधा शेवटचा.

माझ्या मते हा वेडेपणा नाही, सातबाऱ्यावरचा दावा आहे. संघ मालकाचा, हे कागदावर खरं. मालक नऊ विश्वविजेतेपदं घेऊन वेगासला जाईल, पाच फिलाडेल्फियाची आणि चार ओकलंडची. तिथल्या भिंतीवर पहिला चेंडू पडायच्या आत नऊ झेंडे लागतील. वेगासात गिऱ्हाईक फार भोळं नसतं, पण तिकीट घेईल. 1989 ची विश्वमालिका, तिसऱ्या सामन्याआधी हललेली जमीन, 2002 चे सलग वीस विजय, ज्यांच्यावर हॉलिवूडने ‘मनीबॉल’ काढला, हे कोणत्या ट्रकमध्ये भरणार? संघाची जाहिरात वर्षानुवर्षं सांगत होती की आमची मुळं ओकलंडमध्ये आहेत. जाहिरात खोटी नव्हती. मुळं तिथेच राहिली, झाड तेवढं उपटून नेलं.

आणि मुळं काय करतात? 2024 मध्येच ओकलंडकरांनी ‘बॉलर्स’ नावाचा छोटा संघ मैदानात उतरवला. लहान लीग, वेस्ट ओकलंडमधलं रायमोंडी पार्क, आणि हजारो चाहत्यांनी गाठीचे पैसे घालून घेतलेले समभाग. दुसऱ्याच हंगामात, 2025 ला, त्यांनी लीग जिंकली. ज्या संघाचं नाव काढू नये असं वाटावं, त्याचं सुतक ओकलंडने असं फेडलं.

उरले वेगासकर. मंडळी, अभिनंदन. हत्ती येतोय, जेवणाचा खर्च तुमचाच. पहिल्या सामन्याला जाल तेव्हा टोपी घ्या, झेंडा घ्या, आणि एक रिकामी बरणीही घेऊन ठेवा. माती भरायला पुढे उपयोगी पडेल.