आधी चक, मग लेथ

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत लाकूड कातायचा लेथ घेऊ पाहणारे एक काका असतातच. नोकरी कारखान्यात झालेली. तिथे लोखंड कातणाऱ्यांवर देखरेख केली, पण स्वतः हँडल कधी फिरवलं नाही. म्हणून निवृत्तीनंतर अभ्यास. 'स्विंग' दहा इंच की बारा, मोटर अर्ध्या अश्वशक्तीची की पाऊण, हे ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारतात. बोहरी आळीतले दुकानदार त्यांना लांबूनच ओळखतात आणि फोन कानाला लावतात.

मग एका सेलमध्ये लेथवर लाकूड धरणारा चार जबड्यांचा चक स्वस्तात मिळाला. काकांनी घेतला. घरी आल्यावर कळलं, त्याचे आटे तेहतीस मिलिमीटरचे आणि पसंत पडलेल्या छोट्या लेथचा स्पिंडल एक इंची. दुसरा कोणी चक बदलून आणेल. काकांनी लेथ बदलायचं ठरवलं. अभ्यास पुन्हा पहिल्यापासून.

त्यांची माहिती मात्र पक्की. पहिला लेथ छोटा चालेल, पण वजनदार हवा, नाहीतर ओबडधोबड ओंडका लावला की टेबलासकट नाचतो. लेथइतकाच खर्च पटाश्या, चक आणि ग्राइंडरवर होतो. रफिंग गाऊज ही पटाशी वाडग्याला लावायची नाही, मुठीपाशी बारीक असते, मोडते. हे सगळं खरं आहे. फक्त ते सोसायटीच्या माळ्याला सांगायची गरज नव्हती.

धार लावता आली पाहिजे, म्हणून ग्राइंडर आला, हायस्पीड स्टीलच्या पटाश्या आल्या. काका रोज सकाळी धार लावतात. लाकडाला एकदाही न लागता त्यातली एक बोटभर झिजली आहे. चेहऱ्यावरचं शील्डही आलंय. ते लावून काकू कांदा चिरतात. माझ्या मते आजवरच्या खरेदीत तेवढंच वसूल झालं.

पावसाळ्यात पडलेली प्रत्येक फांदी काका पार्किंगमध्ये आणतात आणि तडकू नये म्हणून दोन्ही तोंडांना मेण फासतात. सेक्रेटरींच्या स्कूटरला आता जागा नाही.

मध्यंतरी ते सावंतवाडीला जाऊन आले. तिथल्या कारागिरानं जुनाट यंत्रावर बघता बघता भोवरा कातला. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली, घर्षणानं लाख वितळून रंग चढला. काकांनी विचारलं, "आरपीएम किती?" कारागीर म्हणाला, "ता कोण मोजता?" काका आठवडाभर अस्वस्थ होते.

अखेर दिवाळीत लेथ आला. चक बसला. पेढे वाटले. आम्ही लाटणं, निदान रवीची तरी वाट पाहत होतो. पण काकांच्या मते वाडगा करायचा तर ओंडका लेथवर चढवण्याआधी गोल कापून घ्यावा लागतो, आणि त्याला बँडसॉ लागतो. काकांनी परवा लिफ्टमध्ये मला विचारलं, "पातं किती रुंदीचं घ्यावं, तुमचं काय मत?"