नाकपुडीलाही क्रीम लावा!

म्युनिक, जुलै

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

(साष्टांग नमस्काराचा खरा प्रकार हल्ली आमच्याकडे सुहास घालतो. त्याबद्दल पुढे येईलच.)

शनिवारचे फोटो पाहून आईचा फोन आला, पण डोंगरातल्या बोगद्यात तो मध्येच तुटला. तोवर आईने एवढं विचारून घेतलं होतं : जुलैत बर्फ कुठून आला, मुक्ता बर्फात अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट घालून का उभी आहे, डोंगरावर पांढरी चादर कोणी वाळत घातलीय, आणि जावईबापूंच्या नाकाला काय झालंय. बाबांनी मागून ओरडून एकच विचारलं, खर्च किती आला? सगळ्यांची उत्तरं देते. वाचून काळजी कमी होईल याची हमी देत नाही.

आम्ही गेलो होतो ऑस्ट्रियात, हिंटरटुक्सला. इथून गाडीने अडीच तास, झिलरटालच्या खोऱ्यात पार टोकापर्यंत. खाली दीड हजार मीटरवर हिरवंगार गवत आणि गळ्यात घंटा बांधलेल्या गायी. तिथून एकापाठोपाठ तीन केबल कार बदलल्या की ३,२५० मीटरवर बर्फच बर्फ. तो यंदाच्या हिवाळ्यात पडलेला तेवढाच नाही, खाली हिमनदी आहे. वर्षानुवर्षं साठून स्वतःच्याच वजनाने दबलेला आणि मुंगीच्याही पावलाने नाही अशा गतीने खाली सरकणारा बर्फ. हा साठा आता दर उन्हाळ्याला घटतोय, म्हणून काही जागी पांढरं जाड कापड अंथरून ऊन परतवतात. आई, हीच तुझी वाळत घातलेली चादर.

आता ते 'सरकणारा' नीट वाचा, कारण सगळी भानगड तिथेच आहे. खालचा खडक उंचसखल. त्यावरून जाताना बर्फ ताणला जातो आणि तडकतो. या भेगा कुठे हातभर रुंद असतात, तर कुठे आपलं माजघर आत मावेल एवढ्या. हिवाळ्यात त्यांच्यावर कित्येक मीटर बर्फाचं झाकण असतं. उन्हाळ्यात ते पातळ होत जातं आणि दुपारच्या उन्हात मऊ पडतं. उघड्या भेगेचं मला फारसं भय वाटत नाही, ती दिसते तरी. सप्टेंबर-ऑक्टोबरातली खरी दगाबाज. नवा बर्फ वीतभर पडतो, भेग पूर्ण झाकतो आणि भार मात्र सशाचाही पेलत नाही.

म्हणून आखून दिलेल्या पट्टीच्या, म्हणजे इथल्या भाषेत पिस्टच्या, बाहेर जायचं नाही. पिस्टवर माणसं आणि यंत्रं रोज राबतात, भेगा तपासतात, बुजवतात, कडेने खांब रोवतात. काळ्यापिवळ्या दांड्यांची फुली दिसली की तिथून मागे फिरायचं. खांबांपलीकडे जाणारेही असतात, पण ते कमरेला पट्टे आवळून, दोर घेऊन, वाटाड्याबरोबर जातात. पट्टे आधीच बांधलेले असतात, कारण भेगेत पडल्यावर ते बांधायला कोणाला सवड नसते.

ओमने हा नियम पहिल्याच तासात कसाला लावला. त्याला शू लागली. खांबांच्या पलीकडे चार पावलांवर बर्फाचा छान उंचवटा होता.

"आई, तिथे कोणी बघणार नाही."

"बघायचा प्रश्न नाहीये. स्की काढून जाशील ना तिथे?"

"मग? स्की घालून कशी करू?"

त्याला तिथल्या तिथे समजावलं, की स्की पायात असली तर अंगाचा भार लांब पट्टीवर पसरतो, काढली की सगळं वजन दोन बुटांवर येतं आणि खालचं झाकण तेवढ्यानेही ढासळू शकतं. माझं व्याख्यान संपेपर्यंत पोराचे पाय एकमेकांत अडकले होते. तिथून खालच्या स्टेशनपर्यंत त्याने जो वेग धरला, तो पाहून एका शिक्षकाने मला विचारलं, मुलगा कोणत्या क्लबचा? आई, साताऱ्याला कुलूप हातात घेऊन तू दारात उभी राहायचीस, "आधी जाऊन या, मग लावते." आता केबल कारच्या दारात ते काम माझ्याकडे आहे.

तरी मुलांना पटलं ते माझ्या बोलण्याने नव्हे. रोमान एर्लर नावाच्या तिथल्याच माणसाला २००७ साली या हिमनदीत एक फट दिसली. आत भलीमोठी पोकळी निघाली. आता शिड्या लावून ती लोकांना दाखवतात. आत भिंती निळ्या, बॅटरी टेकवली की बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे ओळीने उजळतात. मुक्ताने वर बोट केलं. "म्हणजे आत्ता आपल्या डोक्यावर लोक स्की करतायत?" हो म्हटलं. त्यानंतर दिवसभर ती खांबांपासून दोन हात आतूनच गेली आणि ओमलाही ओरडत राहिली. मला निम्मी सुट्टी मिळाली.

बाबा, हवामानाचा भाग तुमच्यासाठी. तुम्ही अजिंक्यताऱ्यावर निघण्याआधी आभाळ बघता तसं इथे आदल्या रात्रीचं आभाळ बघायचं असतं. रात्र निरभ्र असली की बर्फातली ऊब वर निघून जाते आणि सकाळी पृष्ठभाग कडक मिळतो. ढग असले तर ऊब अडकते आणि पहाटेपासूनच चिखल. कडक म्हणजे आठ वाजता अगदी फरशी, स्कीच्या कडा नीट घासलेल्या नसल्या तर पाय ठरत नाही. नऊ-दहाच्या सुमारास वरचा थर बोटभर मऊ होतो. ते दोन तास खरे. बारानंतर पाणी सुटतं, स्की अडकते आणि अंग पुढे जातं, पण गुडघा जात नाही. दुपारी डोंगरात गडगडाटी पाऊस उठतो तो वेगळाच. एक वाजता आम्ही खाली असतो, मग पासाचे उरलेले तास वाया गेले तरी चालतील. (सुहासला चालत नाहीत. तो पासाची किंमत तासांनी भागतो.)

म्युनिक जेमतेम सव्वापाचशे मीटरवर. तिथून सकाळी उठून थेट सव्वातीन हजारावर गेलं की पहिला तास सगळे सुस्तावतात. पाणी पीत राहायचं आणि डोकं ठणकायला लागलं की खाली उतरायचं.

आता सुहास. वर हिमनदीवर बरेचसे पाळणे नसून टी-बार असतात, कारण खालचा बर्फ सरकत असतो आणि तिथे रोवलेले खांब अधूनमधून हलवून सरळ करावे लागतात. टी-बार म्हणजे वरच्या दोरीला लोंबणारा उलटा टी. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, दांडा मागून टेकू देतो आणि ओढत वर नेतो. बसायचं नाही. सुहास आणि ओमची जोडी लागली, तेव्हा दांडा ओमच्या पाठीला आणि सुहासच्या मांडीला. मांडीला काही लागलं की माणसाला बसावंसं वाटतं. तो बसला. दांडा खाली गेला, सुहास मागे गेला आणि ओम एकटाच टाटा करत वर. पडल्यावर पहिलं काम म्हणजे वाटेतून बाजूला होणं, कारण मागची जोडी थांबू शकत नाही. हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो लोळतच बाजूला झाला. साष्टांग तो हाच.

टी-शर्टचं उत्तर : मुक्ताचा तो फोटो उपाहारगृहाच्या गच्चीवरचा आहे. बर्फावरही ऊन इतकं लागतं की खरंच अर्ध्या बाह्यांत स्की करणारे दिसतात. पण रात्री गोठून पुन्हा सुटलेला बर्फ खरखरीत दाण्यांचा असतो. त्यावर उघड्या कोपराने घसरलं की किसणीवर धरल्यासारखी साल निघते. आमच्याकडे पूर्ण बाह्या आणि हातमोजे, घाम आला तरी.

आणि नाक. हजार मीटर वर गेलं की अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. वर पांढरा स्वच्छ बर्फ असेल तर त्यातले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. गणपतीपुळ्याची कोरडी वाळू पंधरा टक्के फेकते आणि तरी आपण तिथे काळेठिक्कर होऊन येतो! म्हणजे ऊन खालूनही येतं. हनुवटीखाली, कानांमागे, नाकपुड्यांच्या कडांना आतून क्रीम लावावं लागतं. सुहासला हे पुरुषाला शोभत नाही असं वाटलं. सोमवारी ऑफिसात तो शिंक आली की डोळे मिटून देवाचं नाव घेत होता. गॉगल मात्र त्याने घातला होता, हे बरं. नाहीतर डोळे तेव्हा दुखत नाहीत, संध्याकाळी घरी आल्यावर वाळू गेल्यासारखे खुपतात.

बाबा, खर्चाचा आकडा सुहास म्हणतो युरोतच वाचायचा, गुणायचा नाही. म्हणून लिहीत नाही. पण आल्पाइन क्लबच्या वर्गणीत बचावाचा विमा येतो, तो घेतलाय. विमा नसेल तर हेलिकॉप्टरचं बिल घरी येतं आणि ते बघून दुसरं हेलिकॉप्टर लागतं. ऑस्ट्रियात डोंगरातल्या मदतीचा क्रमांक १४०, युरोपभर ११२. फोन लागला नाही तर शिट्टी : मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. ऐकणारा मिनिटात तीनदा उत्तर देतो. ओमला हे फार आवडलं. रविवारी सकाळी त्याने घरात सराव केला. शेजारच्या आजींनी भिंतीवर तीनदा ठोकलं, ते उत्तर होतं की नाही माहीत नाही.

तब्येतीला जपा. बाबा, पावसात गडावर जाताना ती गुळगुळीत तळाची चप्पल घालू नका. बर्फाचे नियम मी पाळते, निसरड्या वाटेचे तुम्ही पाळा.

तुमची,
मेधा

ता. क. काका ऑगस्टात येतायत ना, त्यांच्याबरोबर कोकमतेलाच्या दोन वड्या पाठव. दिवसा ओठांना सनस्क्रीनची काडीच लागते, कोकमाने एवढं ऊन अडत नाही, पण रात्री लावायला त्यासारखं काही नाही. एक वडी ओठांसाठी, एक सुहासच्या नाकासाठी. नाकाचं सासूबाईंना कळवू नकोस असं त्याने बजावलंय, तेव्हा मी कळवलेलं नाही.